अंगणातील द्राक्षवेल

मुलांनो, तुम्ही घरी ज्याला अंगूर म्हणता, त्याला मराठीत द्राक्ष म्हणतात. ही दोन नावे ऐकायला अगदी वेगळी वाटतात. पण हेच फळ वाळवले की गंमत होते. बिया नसलेली द्राक्षे वाळवून जो सुका मेवा तयार होतो, त्याला मराठीत बेदाणा म्हणतात. या शब्दाचा अर्थ तुम्हांला कोणी समजावून सांगायला नको. ‘बे’ म्हणजे वाचून आणि ‘दाना’ म्हणजे बी. बिया असलेली मोठी द्राक्षे वाळवली की त्यांना मनुका म्हणतात. तुमचा मुनक्का तो हाच. ताज्या फळाचे मराठी नाव संस्कृतातून आले आणि सुक्या फळाची नावे फारसी-अरबीतून आली.

नाशिक जिल्ह्यात निफाड, दिंडोरी या भागांतून जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मळे दिसतात. सांगली जिल्ह्यातील तासगाव आणि सोलापूर जिल्ह्यातील नान्नज ही गावेही द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहेत. द्राक्षे म्हणजे मोठ्या बागायतदारांचे पीक, असे त्यामुळे आपल्याला वाटते. परंतु अंगणात चार हात मोकळी जागा आणि दिवसातून सहा-सात तास ऊन असेल, तर एक वेल घरीही लावता येते. मालेगाव, धुळे, जालना, बीड अशा कोरड्या हवेच्या गावांत ती चांगली वाढते. मुंबई, भिवंडी आणि कोकण येथे पाऊस फार. तेथेही वेल वाढते, पण पावसाळ्यात तिची पाने रोगाने खराब होतात. म्हणून तेथे मेहनत जास्त आणि फळ कमी.

पुष्कळ घरांत असे घडते. कोणीतरी हौसेने द्राक्षाचे रोप आणून लावतो. रोप भराभर वाढते, भिंतीवर चढते, गच्चीपर्यंत पोहोचते. सगळ्यांना आनंद होतो. एक वर्ष जाते, दोन वर्षे जातात, तीन जातात. दाट सावली मिळते, हिरवीगार पाने मिळतात, पण द्राक्षाचा एक मणीही दिसत नाही. मग घरातील वडील माणसे म्हणतात, “ही वेल वांझ आहे. उपटून टाका.” आणि चांगली निरोगी वेल उपटून टाकली जाते. खरे तर त्या वेलीत काहीच दोष नसतो. तिच्यावर कात्री चालवायला हवी होती, ती कोणी चालवली नाही, एवढेच.

हिरव्या झाडाला कात्री लावायची आणि त्यामुळे फळे येतात, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. त्याचे कारण समजून घेऊ.

द्राक्षवेल मूळची थंड प्रदेशातील आहे. काश्मीर, अफगाणिस्तान, इराण या प्रदेशांत हिवाळ्यात कडक थंडी पडते. तेव्हा वेलीची सगळी पाने गळतात आणि ती झोपी जाते. उन्हाळ्याची चाहूल लागली की ती जागी होते, तिला नवी फूट येते आणि त्या फुटीबरोबरच घडही बाहेर पडतात. तेथे वर्षातून एकदा, वेल झोपेत असताना, छाटणी करतात.

आपल्या दख्खनच्या पठारावर तशी थंडी कोठे आहे? येथे द्राक्षवेल झोपतच नाही. ती बारा महिने हिरवी राहते आणि नुसती लांब लांब वाढत जाते. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता भारतात आला होता. दौलताबादविषयी लिहिताना त्याने तेथील द्राक्षांचा आणि डाळिंबांचा उल्लेख केला आहे आणि ही फळे वर्षातून दोनदा येतात, असेही सांगितले आहे. थंड देशांची माहिती असलेल्या माणसाला ही गोष्ट लिहून ठेवण्यासारखी वाटली, यात आश्चर्य नाही. न झोपणारी वेल जितक्या वेळा कापावी तितक्या वेळा नव्याने फुटते. पण जे पीक भर पावसाळ्यात पिकते ते आंबट राहते, त्याचे मणी तडकतात आणि घड कुजतात. म्हणून आपल्याकडचे बागायतदार वेल दोनदा छाटतात आणि पीक मात्र एकदाच घेतात.

पहिली छाटणी एप्रिल महिन्यात करतात. तिला खरड छाटणी म्हणतात. नावाप्रमाणेच ही छाटणी फार कठोर असते. वेलीवरील प्रत्येक काडी बुडाशी एक किंवा दोन डोळे ठेवून कापून टाकतात. (पान जेथे काडीला जोडलेले असते तेथे एक बारीक फुगवटा असतो, त्याला डोळा म्हणतात. नवी फूट त्यातूनच निघते.) ही छाटणी झाली की मांडवावर जाड फांद्यांशिवाय काही उरत नाही. कधी कधी कापलेल्या टोकांतून पाण्याचे थेंब टपकू लागतात. ते पाहून घाबरू नका. ते थोड्या दिवसांनी आपोआप थांबते. आठ-पंधरा दिवसांत प्रत्येक डोळ्यातून नवी कोवळी फूट येते आणि तिच्या नव्या काड्या होतात.

आता खरी गोष्ट लक्षात घ्या. तुम्ही फेब्रुवारीत जो घड खाता तो कोठे तयार होतो? तो आधीच्या मे-जून महिन्यांत, या नव्या काडीच्या डोळ्याच्या आत तयार होतो. बाहेरून काहीच दिसत नाही. पण डोळा उभा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर आत अगदी बारीक घडाची सुरुवात दिसते. काही बागायतदार छाटणीच्या आधी आपल्या काड्या प्रयोगशाळेत पाठवून अशी तपासणी करून घेतात. काडीवरील कोणत्या डोळ्यात घड आहे आणि कोणता डोळा रिकामा आहे, हे त्यांना त्यावरून कळते.

डोळ्यात घड तयार व्हायला ऊन लागते. म्हणजे पाने उन्हात असून भागत नाही, काडीपर्यंत आणि डोळ्यापर्यंत ऊन पोहोचावे लागते. जी वेल वर्षानुवर्षे छाटलेली नाही, तिच्या आत दाट अंधार असतो. जुन्या काड्यांच्या गुंत्यात डोळ्यांना ऊन मिळत नाही आणि घड तयार होत नाहीत. तुमच्या शेजारची ‘वांझ’ वेल अशीच वांझ झालेली असते. म्हणून खरड छाटणीनंतर आलेल्या फुटी मोजक्याच ठेवाव्यात, चार बोटांच्या अंतराने एक, आणि बाकीच्या लहान असतानाच हाताने काढून टाकाव्यात. राहिलेल्या काडीला आठ-दहा पाने आली की तिचा शेंडा खुडावा. मे-जूनमध्ये दुपारी मांडवाखाली उभे राहून जमिनीकडे पाहा. उन्हाचे कवडसे जमिनीवर सगळीकडे पडलेले दिसले पाहिजेत. एकसारखी गार सावली असेल तर बसायला बरे वाटेल, पण पुढच्या वर्षी द्राक्षे मिळणार नाहीत. या दिवसांत पाणीही बेताचेच द्यावे. पाणी आणि खत जास्त झाले की वेल पानांच्याच मागे लागते.

दुसरी छाटणी ऑक्टोबरमध्ये, पाऊस संपल्यावर. तिला गोडी छाटणी म्हणतात. मला हे नाव फार आवडते. या छाटणीनंतर घड बाहेर येतात, म्हणून ती गोडी. आता काडी बुडाशी कापायची नाही. तपकिरी रंगाची, पेन्सिलीएवढी जाड, चांगली पिकलेली काडी पाहायची आणि बुडाकडून पाच ते सात डोळे मोजून, शेवटच्या डोळ्याच्या थोडे वर, कात्रीने कापायची. इतके डोळे कशासाठी? बुडाजवळचे डोळे बहुतेक रिकामे असतात. घड असतात ते मधल्या डोळ्यांत. शिवाय कापलेल्या काडीच्या टोकाकडचे दोन-तीन डोळे आधी फुटतात. म्हणजे घड असलेला डोळा टोकाला येईल अशा बेताने काडी कापायची. फार आखूड कापली तर पुन्हा नुसती पानेच मिळतात. हिरवी किंवा काडेपेटीच्या काडीसारखी बारीक काडी असेल, तर ती बुडाशीच कापावी. तिच्यात काही नसते.

या छाटणीपूर्वी आठ-दहा दिवस पाणी कमी करावे आणि पाने हाताने काढून टाकावीत. थंडी जे काम काश्मीरमध्ये करते, ते येथे आपण हातांनी करायचे. बागायतदार डोळे एकदम फुटावेत म्हणून छाटलेल्या काड्यांना एक तीव्र रसायन लावतात. ते विषारी असते. घरच्या वेलीला त्याची गरज नाही. थोडे डोळे मागेपुढे फुटले तर आपले काय बिघडते?

ऑक्टोबरचाच महिना का, असा प्रश्न कोणी विचारील. त्याआधी छाटले तर कोवळी फूट पावसात सापडते. फार उशिरा छाटले तर फुलोरा कडक थंडीत येतो आणि फळ एप्रिलच्या उन्हात भाजते. तरीही निसर्ग नेहमी आपले ऐकतोच असे नाही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात मोठी गारपीट झाली. त्या वेळी पिकत आलेल्या द्राक्षांच्या बागा पुष्कळ ठिकाणी झोडपल्या गेल्या. वर्षभराची मेहनत काही मिनिटांत गेली. बाजारात द्राक्षे महाग झाली की आपण कुरकुर करतो, तेव्हा हेही आठवावे.

आता थोडे लागवडीविषयी. रोपवाटिकेतून रोप आणता येते, पण मला काडीपासून रोप तयार करणे जास्त आवडते, कारण ते फुकट होते. ऑक्टोबरच्या छाटणीत चांगल्या काड्या कापून टाकल्या जातात. ओळखीच्या कोणाकडे फळ देणारी वेल असेल, तर त्यांतील दोन-चार काड्या मागून आणा. तीन-चार डोळे असलेला एकेक तुकडा करा. खालचा काप तिरपा घ्या आणि वरचा सरळ, म्हणजे कोणते टोक जमिनीत जायचे ते विसरणार नाही. उलटी लावलेली काडी जगत नाही. माती आणि कुजलेले शेणखत भरलेल्या पिशवीत काडी लावा, दोन डोळे मातीत आणि बाकीचे वर. पिशवी सावलीत ठेवा. माती ओलसर असावी, चिखल नसावा. जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत मुळे फुटून रोप लावण्याजोगे होते.

जात कोणती निवडावी? थॉमसन सीडलेस ही आपल्याकडची नावाजलेली बिनबियांची जात. नाव इंग्रजी असले तरी ती मूळची पश्चिम आशियातील. तिकडे तिला किशमिश किंवा सुलताना म्हणतात. तिच्यातूनच पुढे आपल्या शेतकऱ्यांनी तास-ए-गणेश, सोनाका अशा जाती निवडून काढल्या. काळी द्राक्षे हवी असतील तर शरद सीडलेस आहे. हैदराबादच्या बाजूला एके काळी अनाब-ए-शाही या बियांच्या मोठ्या द्राक्षाचा फार मान होता. अरबीत ‘इनब’ म्हणजे द्राक्ष. म्हणजे हे झाले शाही द्राक्ष.

रोपासाठी तीन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यावा. तळाशी विटांचे तुकडे टाकावेत, म्हणजे पाणी साचत नाही. वर माती, दोन-तीन पाट्या चांगले कुजलेले शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड मिसळून भरावी. जमीन नसेल तर मोठ्या पिंपाचा अर्धा भाग चालतो. त्याच्या बुडाला भोके पाडावीत. मात्र ओल्या मातीचे पिंप फार जड होते. ते गच्चीवर ठेवण्यापूर्वी घरातील मोठ्यांना विचारा.

पहिल्या वर्षी वेलीला एकच काम द्यायचे, सरळ वर जाणे. एक जोमदार फूट ठेवावी आणि ती बांबूला सुतळीने सैल बांधत जावी. बाजूच्या फुटी काढून टाकाव्यात. सुतळी घट्ट बांधली तर खोड जाड होताना ती सालीत रुतते. सुमारे सात फुटांवर लोखंडी पाइप आणि तारा यांचा मांडव करावा, म्हणजे त्याखालून माणसांना ये-जा करता येईल. वेल मांडवाला पोहोचली की तिचा शेंडा खुडावा आणि खालून निघालेल्या दोन फुटी दोन दिशांना तारेवर पसरवाव्यात. त्यांना ओलांडे म्हणतात. आपले दोन्ही हात पसरून उभे राहा, म्हणजे वेलीचा आकार कसा असावा ते कळेल. ओलांड्यांवर काड्या येतील आणि काड्यांवर घड. दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये पहिली खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये पहिली गोडी छाटणी आणि त्यापुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पहिली द्राक्षे. लागवडीपासून सव्वादोन वर्षे झाली. तेवढी वाट पाहावी लागते.

पाण्याचे मोजमाप सांगणे कठीण आहे, कारण प्रत्येक गावची माती वेगळी. बोटाची दोन पेरे मातीत खुपसून पाहा. आत ओल लागली तर पाणी देऊ नका. दोन्ही छाटण्यांच्या वेळी आळ्यात शेणखत घाला.

द्राक्षवेलीचा मोठा शत्रू केवडा हा रोग. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळे डाग पडतात आणि खालच्या बाजूला पांढरी बुरशी दिसते. फुलोऱ्यावर केवडा आला तर घडच्या घड जातो. या रोगावरचे औषध कसे सापडले, ती गोष्ट ऐकण्यासारखी आहे. फ्रान्समध्ये बोर्दो नावाच्या शहराभोवती द्राक्षाचे मळे आहेत. 1878 च्या सुमारास अमेरिकेतून आलेल्या केवड्याने तेथे थैमान घातले. त्या वेळी मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाला एक विचित्र गोष्ट दिसली. मळ्यांतील आतल्या वेली रोगाने उघड्याबोडक्या झाल्या होत्या, पण रस्त्याकडेच्या वेली हिरव्या होत्या. चौकशी केल्यावर कळले, की येणारे-जाणारे लोक द्राक्षे चोरत, म्हणून मालकांनी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना यांचे निळसर पाणी शिंपडले होते. निळी पाने पाहून चोर घाबरत. चोरांसाठी केलेल्या युक्तीने बुरशीलाही पळवून लावले! मिलार्दे यांनी त्यावर प्रयोग केले आणि 1885 मध्ये ही माहिती प्रसिद्ध केली. आजही त्या औषधाला बोर्डो मिश्रण म्हणतात.

एका वेलीसाठी दोन-तीन लिटर मिश्रण पुरते. प्रत्येक लिटर पाण्याला दहा ग्रॅम मोरचूद आणि दहा ग्रॅम कळीचा चुना लागतो. दोन्ही निरनिराळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करतात. लोखंडी भांडे वापरत नाहीत. तयार मिश्रणात लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून पाहावा. खिळ्यावर तांब्यासारखा लाल थर बसला तर चुना कमी पडला असे समजून आणखी चुना घालावा, नाहीतर पाने जळतात. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. हे काम मोठ्या माणसांनी, नाकातोंडावर कापड बांधून करावे. तुम्ही खिळ्याची परीक्षा दुरून पाहा. रसायनशास्त्राच्या तासाला ती उपयोगी पडेल. फवारणी छाटणीनंतर उघड्या काड्यांवर आणि पुढे कोवळ्या पानांवर पातळ मिश्रणाची करतात. घड मोठे झाल्यावर ती करू नये.

दुसरा रोग भुरी. त्यात पानांवर आणि मण्यांवर पीठ भुरभुरल्यासारखे दिसते. त्यावर पाण्यात मिसळणारे गंधक फवारतात. मात्र पिकलेल्या मण्यांवर जो पांढुरका थर असतो, तो रोग नव्हे. ते फळाचे स्वतःचे मेण आहे. बोटाने पुसले की निघते आणि त्यामुळे मण्यातील पाणी टिकते.

ऑक्टोबरच्या छाटणीनंतर साधारण दीड महिन्यात फुलोरा येतो. फूल इतके लहान असते, की ते फूल आहे हे सांगावे लागते. त्याच्या पाकळ्या उमलत नाहीत. त्या टोपीसारख्या एकत्र गळून पडतात. पहिल्या पिकाला वेलीवर दहा-बारा घडच ठेवावेत. बाकीचे काढताना जिवावर येते, पण लहान वेलीवर सगळे घड ठेवले तर एकही नीट गोड होत नाही. घरची द्राक्षे बाजारातल्यासारखी टपोरी होत नाहीत, याचेही वाईट वाटून घेऊ नका. बागायतदार मणी फुगवण्यासाठी घड जिबरेलिक ॲसिडच्या पाण्यात बुडवतात. बिनबियांचे द्राक्ष स्वभावतः लहानच असते.

जानेवारीत कडक मणी मऊ होऊ लागतात आणि काचेसारखे पारदर्शक दिसतात. बागायतदार म्हणतात, मण्यात पाणी उतरले. तेव्हापासून आपण पाणी कमी करायचे आणि पाखरांपासून घड सांभाळायचे. बुलबुल आणि साळुंक्या यांना पिकलेले द्राक्ष आपल्याआधी कळते. घडांवर जाळी टाकावी किंवा कागद गुंडाळावा. आंबा आणि केळे उतरवून ठेवले तरी घरात पिकतात. द्राक्ष तसे पिकत नाही. वेलीवरून काढले की त्याची गोडी तेथेच थांबते. म्हणून रंग पाहून घड कापू नका. घडाच्या अगदी खालच्या टोकाचा एक मणी तोडून चाखा. टोकाचा मणी सर्वांत शेवटी पिकतो. तो गोड लागला की सगळा घड गोड झालेला असतो, आणि मग कात्री आणायला हरकत नाही.